शब्द वगळले, पुढे काय?



मी कोडिंग करून पोट भरणारा माणूस, वकील नाही. पण 21 सप्टेंबर 2023 ची ती क्लिप तुमच्यासारखीच माझ्याही फोनवर आली. लोकसभेत चांद्रयान-3 वर चर्चा चालू होती आणि भाजपचे रमेश बिधुरी बसपच्या दानिश अलींना धर्मावरून शिव्या देत होते. ते शब्द मी इथे उच्चारत नाही. आपल्यापैकी अनेकांनी ते शाळेच्या मैदानावर ऐकलेत.

आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं, "एफआयआर का नाही?" कारण संविधानाचं कलम 105. सभागृहात बोललेल्या शब्दासाठी खासदाराला कोर्टात खेचता येत नाही. आमदारांसाठी कलम 194. हे कवच मला हवंच आहे. ते नसतं तर सरकारला अडचणीचे प्रश्न विचारणारे सगळे कोर्टाच्या तारखाच करत बसले असते.

मग कवचाआडून शिवी आली तर? तिथे सभागृहाचे स्वतःचे नियम. 380 खाली अध्यक्ष असभ्य शब्द कामकाजातून वगळतात. बिधुरींचे वगळले. राजनाथ सिंहांनी खेद व्यक्त केला, अध्यक्षांनी ताकीद दिली. निलंबन नाही. आमच्या धंद्यात याला लॉगमधली ओळ पुसणं म्हणतात, बग तसाच. त्याच डिसेंबरात संसदेच्या सुरक्षेवर गृहमंत्र्यांचं निवेदन मागत गोंधळ घालणारे विरोधक मात्र निलंबित झाले, दोन्ही सभागृहं मिळून 146.

आता आपलीही खोड सांगतो. 5 जुलै 2021 ला आपल्या विधानसभेने भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित केले, तालिका अध्यक्षांशी गैरवर्तनाच्या आरोपावरून. मी खूश झालो होतो. 28 जानेवारी 2022 ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य, कारण शिक्षा आमदाराबरोबर त्याच्या मतदारांनाही होते. वाचून माझी मलाच लाज वाटली. उद्या हाच वर्षभराचा दंडुका दानिश अलींसारख्या एखाद्यावर चालला असता.

पण गंमत बघा. बिधुरी बोलले त्याच रात्री अधिवेशन संपलं. निलंबन केलं असतं तरी ते काही तासांचंच. अशा वेळी उरते विशेषाधिकार समिती, तिच्या बैठका बंद दाराआड. म्हणून माझी मागणी छोटी आहे: धर्म वा जातीवरून शिवी दिल्याची तक्रार आली तर समितीने ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावा आणि तो सभागृहात वाचून दाखवावा, शिवी देणारा कुठल्याही पक्षाचा असो.

पत्राचा मसुदा मी आणलाय. ज्यांना आपल्या खासदाराला पाठवायचाय, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडून घ्या.