इसे, मार्कंडा आणि आपली इमारत
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या मंडळींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही जपानला जाऊन आलात, तर दहा मिनिटं त्यावर बोला." माणसाचं आयुष्य बँकेत गेलं की तो देवळातही हिशेबच पाहतो. त्यामुळे बोलण्यात थोडा हिशेब येईल, तेवढा सांभाळून घ्या.

मुलगी-जावई नागोयाला असतात. तिथून रेल्वेने साधारण दीड तासावर इसे नावाचं गाव आहे. शिंतो हा जपानचा जुना धर्म आणि इसे हे त्यातलं सगळ्यांत मानाचं ठिकाण. ते एकच देऊळ नाही, लहानमोठी मिळून 125 देवस्थानं आहेत. त्यांतली दोन मुख्य. बाहेरचं तोयोउके या अन्नदेवतेचं आणि आतलं अमातेरासू या सूर्यदेवीचं. आधी अन्नदेवतेला नमस्कार, मग सूर्यदेवीला, असा रिवाज आहे. मला तो फार आवडला. शेतकऱ्याच्या पोराला आवडणारच!

आतल्या देवस्थानाला जाताना इसुझू नदीवरचा लाकडी पूल लागतो. पलीकडे नदीकाठी उतरून लोक हात धुतात. मग जाडजूड, उंच झाडांमधून खडीच्या रस्त्याने चालायचं. पायाखाली खडी वाजते, बाकी शांतता. शेवटी पायऱ्या आणि पांढरा पडदा. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. झालं दर्शन. देवीचं प्रतीक म्हणजे एक आरसा, आणि तो कुणालाच दाखवत नाहीत. आमच्या सौ. म्हणाल्या, "इतक्या दूर आलो आणि देव दिसलाच नाही!" पण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला याचं नवल वाटू नये. आपल्याकडच्या गोंड बांधवांचं पेनठाणाही झाडांच्या सावलीतच असतं. तिथे जंगल हेच राऊळ.

बाहेर जुन्या धाटणीच्या दुकानांची गल्ली आहे. 1707 सालापासून चालत आलेल्या अकाफुकू नावाच्या दुकानात तांदळाच्या मऊ गोळ्यावर लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण घालून देतात. आपल्या पुरणाची आठवण आली.

आता मुख्य गोष्ट. इसेची मुख्य देवळं हिनोकी नावाच्या झाडाच्या लाकडाची, वर गवताचं छप्पर. दर वीस वर्षांनी ती शेजारच्या तेवढ्याच मोकळ्या जागेवर जशीच्या तशी नवी बांधतात. नवं झालं की देव तिकडे नेतात आणि जुनं उतरवतात. ही रीत इसवी सन 690 पासूनची. मध्ये लढायांच्या काळात शंभरावर वर्षं खंड पडला, पण लोकांनी ती पुन्हा सुरू केली. 2013 मध्ये बासष्टाव्यांदा बांधणी झाली, पुढची 2033 मध्ये. उतरवलेलं लाकूड फेकत नाहीत, दुसऱ्या देवस्थानांना देतात. मुख्य खांबांच्या पुलाजवळ कमानी होतात. आणि लाकडासाठी 1923 मध्ये त्यांनी दोनशे वर्षांचा विचार करून वनाची योजना आखली. ज्यांनी रोपं लावली, त्यांना त्या झाडांचा खांब दिसणार नव्हता.

वीसच वर्षं का? मला पटलेलं कारण असं. विशीतला पोरगा पहिल्या वेळी हाताखाली शिकतो, चाळिशीत स्वतः काम करतो, साठीत दुसऱ्याला शिकवतो. जपलं जातं ते लाकूड नव्हे, काम करणारा हात.

हे ऐकताना मला आपला मार्कंडा आठवत होता. इथून गडचिरोली, पुढे चामोर्शी, आणि मग वैनगंगेच्या काठावर मार्कंडेश्वर. आपल्यापैकी बहुतेकांनी महाशिवरात्रीची यात्रा केलेली आहे. तिथे वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहते, पलीकडच्या काठाला चंद्रपूर जिल्हा. आपणही आधी नदीत पाय बुडवूनच वर चढतो. यमाच्या फासातून सुटलेल्या मार्कंडेयाची कथा आजीने सांगितलेली असते. पण भिंतीवरच्या मूर्ती किती जण थांबून पाहतात?

1870 च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे आले. एका आवारात वीसहून जास्त देवळं असल्याची नोंद त्यांनी केली. त्यांतली काही आज जोत्यापुरतीच उरली आहेत. वीज पडून मुख्य देवळाचं शिखर ढासळलं, पुढे एका गोंड राजाने जाड खांब घालून मंडप सावरला, असं सांगतात. ते खांब मूळ कोरीवकामापुढे ओबडधोबड दिसतात. पण त्या राजाला मी नमस्कार करतो. त्याने जमेल तसा टेकू दिला. अलीकडे पुरातत्त्व खात्याने मुख्य देवळाचे दगड उतरवून पुन्हा बसवण्याचं काम घेतलं, ते बरीच वर्षं चाललं आहे. दगडाचं देऊळ इसेसारखं नवं बांधता येत नाही, जुना दगड हाच तिथला ठेवा. मग त्याला जाणता हात लागतो. तो दगड घडवणारे कारागीर आपल्या पंचक्रोशीत आता कुठे आहेत? दगड उरला आणि हात गेले.

आता थोडा घरचा हिशेब. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. उपविधीप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, दर पाच वर्षांनी करायची असते. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. रक्कम लहान वाटते, पण चुकवली की व्याजासकट छतातून गळते. मासिक वर्गणी वाढली की सभेत आवाज चढतो, हे मी पाहिलं आहे. तेव्हा त्या रोपं लावणाऱ्यांची आठवण ठेवा.

आणि पैशाइतकंच दुसरं. टाकीचा कोणता व्हॉल्व्ह कुठे, ड्रेनेजची लाईन कोणत्या पायरीखालून जाते, हे आज आपल्यातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनाच ठाऊक आहे. मीही त्यांतलाच. माझी सूचना अशी की येत्या दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी वही घेऊन आमच्याबरोबर गच्चीपासून तळापर्यंत फिरावं, नकाशा काढावा आणि तो कार्यालयात लावावा. गुडघे दुखत असले तरी मी जिना चढेन, हा शब्द देतो.

पुढच्या शिवरात्रीला मुलांना मार्कंड्याला न्या. दर्शन झाल्यावर अर्धा तास भिंतीसमोर उभं करा. आणि सुवर्णमहोत्सवाला इथे बोलायला उभा राहणारा माणूस आजच्या पुढच्या रांगेतला असू दे.