खिशातल्या चाकूचं पाणी



या व्यासपीठावर मोठमोठे विषय होतात. मी डिप्लोमावाला माणूस. राज्य शासनाच्या नोकरीत यंत्रांच्या देखभालीत उमेद गेली. म्हणून मी बोलणार आहे चाकूला धार कशी लावावी यावर. हसू नका. दापोऱ्यासारख्या केळीच्या मुलखात हा भावाचा प्रश्न आहे. घडावरून फण्या सोडवताना बोथट पात्याने देठ फाटला, की त्या खरबरीत कापात बुरशी धरते आणि माल बाजारात पोचेपर्यंत फणीचा माथा काळा पडतो. व्यापारी बोट ठेवतो ते नेमकं तिथेच.

आपल्या पुष्कळ घरांत आजोबांच्या बंडीच्या खिशातला घडीचा चक्कू अजून कुठल्यातरी डब्यात पडलेला असतो. त्यातल्या कितीतरी चाकूंची पाती लोहाराने झिजलेल्या कानशीपासून घडवलेली. कानस म्हणजे अस्सल हत्याराचं पोलाद. त्यात कार्बन शेकडा एकाच्या आसपास किंवा थोडा जास्तच. खात्री करायची तर पात्याच्या पाठीजवळच्या भागावर नवी कानस हलकेच फिरवा. मऊ लोखंडाला ती चावते, कडक पोलादावरून घसरते. घसरली, तर तो चाकू भंगारात देऊ नका.

लोहार पातं लाल तापवून विझवतो, त्याला आपण ‘पाणी देणं’ म्हणतो. एवढ्याने पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा हलकं तापवतात. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर वाळलेल्या गव्हाच्या काडाचा पिवळा रंग आला, की थांबतात. तो साधारण 220 अंशांचा रंग. 300 अंशांच्या आसपास पातं निळं होतं, आणि निळं झालं की कडकपणा उतरला.

आता दारावर येणारा विजेचा ग्राइंडर आठवा. ठिणग्या उडतात, दोन मिनिटांत काम, आपण खूश. धारेची कड कागदाहून पातळ असते, ती क्षणात तापते. घरी येऊन उजेडात बघा. कडेला निळसर झाक दिसली, तर तेवढं पाणी गेलं. ते परत घासून आणता येत नाही, निळा भाग संपेपर्यंत पातं झिजवावंच लागतं. साध्या स्वयंपाकाच्या सुरीला ग्राइंडर एकवेळ चालेल. आजोबांच्या चाकूला नाही.

त्याला पाहिजे निसणा. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. दहा मिनिटं पाण्यात ठेवा, खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकत नाही. पातं दोन सेंटिमीटर रुंद असेल, तर पाठ दगडापासून अर्धा सेंटिमीटर उचला. हा सुमारे 15 अंशांचा कोन झाला, फळं-भाजी कापायला उत्तम. दोर, काड्या कापायच्या असतील तर पेन्सिलीच्या जाडीएवढी उचला. हात बसेपर्यंत एक युक्ती करा. धारेवर मार्करची काळी रेघ ओढा आणि चार हात फिरवून पाहा. रेघ कडेपर्यंत पुसली तर कोन बरोबर. वरच पुसली तर पाठ थोडी उचला.

खरी परीक्षा पुढे आहे. एकाच बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बारीक कोर उलटून येईपर्यंत. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. बोट पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेने सरकवलं की ती लागते. टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे लागली पाहिजे. कडक पोलादात ही कोर उशिरा येते आणि बारीक येते. बहुतेक लोक त्याआधीच कंटाळून म्हणतात, ‘या चाकूला धारच धरत नाही.’ धरते. पहिल्या वेळी तासभर जाईल. मग दुसरी बाजू, मग बारीक दगड, हात हलका हलका करत. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून दहा-वीस वेळा ओढा. धार अंगठ्यावर तपासू नका. पिकल्या टोमॅटोची साल दाबल्याशिवाय कापली गेली, की झालं.

जपानात ह्योगो प्रांतात मिकी नावाचं हत्यारांचं गाव आहे. तिथला ‘हिगोनोकामी’ हा घडीचा चाकू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनतो. शाळकरी मुलं त्याने पेन्सिली तासत. त्यातल्या चांगल्या पात्यांत मध्ये कडक पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड असतं. आपला लोहारही विळ्या-कुऱ्हाडीच्या लोखंडाला धारेपुरतं पोलाद जोडतोच की! तिकडच्या लोकांनी दगड सोडला नाही, एवढाच काय तो फरक.

जपणुकीचं थोडक्यात सांगतो. हे पोलाद स्टेनलेस नव्हे. केळीच्या चिकाने, कैरीने ते काळं पडेल. तो काळा थर घासून काढू नका, तो तांबेऱ्यापासून थोडं राखतोच. लाल डाग मात्र लगेच पुसा. काम झालं की धुऊन कोरडं करा, बिजागरीच्या खिळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खिळा सैल झाला असेल, तर पातं उघडून त्याच्या डोक्यावर लहान हातोडीने हळू टिचक्या मारा, दर दोन टिचक्यांनी उघडझाप करून बघत.

खंडेनवमीला हत्यारं पुजायला काढाल, तेव्हा तो डबाही उघडा. दगड माझ्याकडे आहे. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.