परदेशवासातील कॉफीचा पेला

सावित्रीच्या खोऱ्यातील बिरवाडी हे काही कॉफीचे गाव नव्हे. महाड-पोलादपूरच्या त्या डोंगराळ मुलुखात पीक भाताचे, पाऊस मुसळधार आणि पेय म्हणावे तर चहा. कॉफीचा मान कोकणातील घरांत पूर्वीपासून निराळाच राहिला आहे. उपासाच्या दिवशी, जागरणाच्या रात्री, परीक्षेस बसलेल्या मुलासाठी, किंवा चहा न घेणारा पाहुणा आला म्हणजे फडताळातील कॉफीचा डबा खाली येतो. दूध उकळते, साखर पडते, सहाणेवर जायफळ उगाळले जाते आणि त्या वासाने स्वयंपाकघर भरून जाते. अशा घरात वाढलेल्या मुलास कॉफी म्हणजे हीच, असे वाटल्यास त्यात नवल नाही.

बिरवाडीलगत महाडची औद्योगिक वसाहत उभी राहिली, रसायनांचे कारखाने आले आणि पूर्वी मुंबईपर्यंतच जाणारी कोकणची वाट पुढे समुद्रापार लांबली. शिक्षणासाठी वा चाकरीसाठी आखाती देशांत, जर्मनीत, इंग्लंडात अथवा अमेरिकेत गेलेला तरुण पहिल्या महिन्यात घरी जे कळवितो, त्यात थंडीची तक्रार असते, भाषेची असते, आणि पुष्कळदा कॉफीचीही असते. येथील कॉफी कडू आहे, आणि ती महाग आहे, असे त्याचे म्हणणे असते. ऐकताना ही एकच तक्रार वाटते. परंतु वस्तुतः त्या दोन आहेत. त्यांची कारणे निराळी असून उपायही निराळे आहेत.

प्रथम चवीचा विचार करू. कॉफी हिंदुस्थानास परकी नाही. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सत्पुरुषाने हजहून परत येताना येमेनातील मोखा बंदरातून सात बिया आणून म्हैसूर मुलखातील चंद्रगिरीच्या डोंगरावर त्या रुजविल्या, अशी परंपरागत कथा आहे. तो डोंगर आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. आजही देशातील बहुतेक कॉफी कर्नाटकातच पिकते. मात्र दुकानातून घरी येणारी पूड ही नेहमी निव्वळ कॉफी असतेच असे नाही. तीत पुष्कळदा चिकोरी नावाच्या वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ मिसळलेले असते. नेपोलियनच्या काळी नाकेबंदीमुळे युरोपात कॉफीचा तुटवडा पडला, तेव्हा फ्रान्समध्ये या मुळाचा प्रसार झाला. पुढे टंचाई गेली. सवय मात्र मागे राहिली. भारतातील नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफीचा अंश निदान 51 टक्के असावा लागतो आणि चिकोरीचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. चिकोरीने पेय दाट व काळसर होते आणि त्यास एक गोडसर कडवटपणा येतो. तात्पर्य, घरच्या कॉफीची म्हणून जी चव जिभेवर बसलेली असते ती चिकोरी, दूध, साखर, जायफळ आणि कॉफी या पाचांची मिळून झालेली असते. परदेशात पाचांपैकी एकटी कॉफीच समोर आली, तर ती अनोळखी वाटणे साहजिक आहे.

दुसरे कारण कृतीचे आहे. परदेशात मिळणारी बारीक दळलेली पूड ही बहुधा दाबावर चालणाऱ्या यंत्रासाठी असते. घरच्या रीतीने तीच पूड पातेल्यात घालून दुधाबरोबर खळखळ उकळली, म्हणजे तिच्यातील कडू अंश सगळाच उतरतो आणि गाळ फडक्यातूनही खाली येतो. दोष पुडीचाही नव्हे आणि कृतीचाही नव्हे. दोहोंचा मेळ बसत नाही, एवढेच. यासाठी जाडसर दळलेली, मध्यम भाजलेली पूड घ्यावी. पाणी उकळून क्षणभर निवले म्हणजे ती त्यात टाकावी, झाकण ठेवून चार मिनिटे थांबावे, मग गाळावे, आणि दूध निराळे तापवून शेवटी घालावे. गाळण्याचा प्रश्नही फार पूर्वीच सुटलेला आहे. 1908 साली ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतील टीपकागद भोके पाडलेल्या डब्यात घालून कॉफी गाळली. कागदी गाळणीचा उगम तोच. आज ते साधन कोणत्याही किराणा दुकानात अल्प किमतीत मिळते.

जायफळाविषयी मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सौदी अरेबियात जायफळ नेण्यास मनाई आहे, आणि आखातातील काही देशांत खसखशीबद्दल फारच कडक कायदे आहेत. आईने मायेने बांधून दिलेली पुरचुंडी विमानतळावर संकट ओढवू शकते. तेथे जाणाऱ्याने वेलदोड्यावर समाधान मानावे, आणि ते मानणे अवघड नाही. कारण अरबांची कॉफीच मुळी फिक्या भाजणीची व वेलदोड्याच्या वासाची असते. कान नसलेल्या लहान पेल्यात ती पाहुण्यास पुन्हा पुन्हा ओतली जाते आणि पुरे झाले म्हणजे पाहुण्याने पेला हलवून परत द्यावयाचा असतो. ज्याने सात बियांची कथा ऐकली आहे, त्यास ही कॉफी परकी न वाटता घराण्याच्या थोरल्या शाखेतील वाटेल.

आता किमतीचा प्रश्न. एका पेल्यास सुमारे दहा ग्रॅम पूड लागते. म्हणजे एका किलोत शंभर पेले होतात. जर्मनीत भाजलेल्या कॉफीवर किलोमागे 2.19 युरो असा खास कर आहे. ऐकून दचकावयास होते. परंतु शंभर पेल्यांवर तो वाटला, तर एका पेल्यास दोन सेंटच येतात. यावरून उघड होते की, उपाहारगृहात जे पैसे मोजले जातात त्यांपैकी कॉफीचे फारच थोडे असतात. बाकीचे जागेचे भाडे, नोकरांचे वेतन, दिव्याचा व उबेचा खर्च आणि बसावयास मिळालेली खुर्ची यांचे असतात. इटलीत हा भेद दरपत्रकातच दिसतो. कट्ट्यापाशी उभ्याने घेतलेल्या कॉफीचा दर कमी, आणि तीच कॉफी मेजावर बसून घेतली तर जास्त. इटालियन मनुष्य उभ्यानेच दोन घोटांत पेला रिता करतो आणि कामास लागतो.

ज्यास केवळ कॉफी हवी आहे, त्याने ती घरी करावी हे यावरून ओघानेच आले. तीत पुन्हा काटकसरीची एक युक्ती आहे. कॉफीच्या दोन मुख्य जाती: अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका नाजूक, किंचित आंबूस, सुवासिक आणि बहुधा महाग. रोबस्टा कडक, जड आणि बहुधा स्वस्त. दूध-साखर घालून पिणाऱ्याने महाग अरेबिका घेणे म्हणजे अत्तर नदीत ओतण्यासारखे आहे. तिचा सूक्ष्म गुण दुधात बुडून जातो. दुधास तोंड देऊन उरते ती रोबस्टाच. तेव्हा घरच्या चवीचा भुकेला जो असेल, त्याने रोबस्टाचे प्रमाण अधिक असलेले मिश्रण निःशंकपणे घ्यावे. शक्य तर अख्ख्या बिया घेऊन लागेल तेवढ्याच हातयंत्रावर दळाव्या, कारण दळलेल्या पुडीचा वास लौकर उडतो. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि चुलीपासून दूर ठेवावा. कोकणच्या पावसाळ्यात ज्यांनी पापड-लोणची जपली आहेत, त्यांना हे शिकवावयास नको.

परंतु येथे एक शंका उरते. घरी केलेली कॉफी इतकी स्वस्त व मनाजोगी असता जगभरचे लोक जास्त दाम मोजून बाहेर का जातात? याचे उत्तर जुने आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये कॉफीगृहे निघाली, तेव्हा एक पेनी टाकून कोणीही पुरुष तेथे बसू शके, वृत्तपत्र वाचू शके आणि चर्चा ऐकू शके. लोकांनी त्या गृहांस पेनीची विद्यापीठे म्हटले. लॉइड्ससारख्या विख्यात विमासंस्थेचा जन्म एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहातच झाला. पेनी कॉफीची नव्हती; ती चारचौघांत बसण्याच्या अधिकाराची होती. आणि या अधिकाराची किंमत काय असते हे महाराष्ट्राइतके दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असेल.

ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. पुढे उपस्थितांची नावे छापली गेली आणि त्या पेल्यांवरून शहरात ग्रामण्य माजले. प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. पेल्यात काय आहे हे कोणी विचारले नाही. तो कोणाच्या हातचा, एवढेच विचारले गेले.

याच्या पुढची हकीकत महाडची, म्हणजे बिरवाडीच्या शेजारचीच आहे. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. एक पेला कॉफी, दोन मफिन आणि मांसाचा वा माशाचा एखादा पदार्थ एवढ्यावर ते तेथे कसे भागवीत, हे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. भूक त्याने भागत नसे. परंतु शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवावयाचे असत आणि जुनी पुस्तके विकत घ्यावयाची असत. परदेशात स्वस्तात पोट भरण्याचा प्रश्न मराठी विद्यार्थ्यापुढे किती कठोरपणे उभा राहू शकतो, त्याचे हे उदाहरण आहे. तथापि त्या तुटपुंज्या जेवणात एक गोष्ट होती, जी त्यांस मायदेशी मिळत नसे. पैसे पुढे केले की पेला पुढे येई. जात विचारली जात नसे.

तेच आंबेडकर मार्च 1927 मध्ये महाडास परिषदेसाठी आले. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 साली केला होता आणि महाडच्या नगरपालिकेने चवदार तळ्यापुरता त्यास दुजोरा दिला होता. परंतु कागदावरील ठरावाने घागर भरत नाही. परिषदेस जमलेल्या अस्पृश्य मंडळींस प्यावयास पाणी मिळेना, म्हणून स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चार पावलांवर भरलेले तळे, आणि पाणी विकत! 20 मार्च रोजी हजारो लोक तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर मारहाण झाली, तळे ‘शुद्ध’ करण्यात आले, दावा लागला आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ज्या पेयास मोल नसते त्याचे मोल कसे लावले जाते, हे महाडने दाखविले. आणि ते मोल झुगारावे कसे, हेही महाडनेच दाखविले.

अमेरिकेलाही याबाबत मोठेपणा मिरविता येणार नाही. न्यूयॉर्कचा पेला सर्वत्र तसाच नव्हता. 1 फेब्रुवारी 1960 रोजी दक्षिणेतील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णी विद्यार्थी एका दुकानाच्या उपाहारकट्ट्यावर बसले. त्यांनी कॉफी मागितली. ती त्यांस नाकारण्यात आली आणि ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी येऊन बसले, आणि हे आंदोलन गावोगाव पसरले. सार्वजनिक उपाहारगृहांतील हा वर्णभेद 1964 च्या कायद्याने निषिद्ध ठरला. भारतीय राज्यघटनेने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि तळी ही एकाच कलमात ओवून सर्वांस खुली केली, ती 1950 साली.

स्वस्त कॉफी आणि सन्मानाची खुर्ची ही दोन्ही एकत्र नांदू शकतात, याचा दाखला आपल्या देशातही आहे. 1936 साली मुंबईत चर्चगेटपाशी इंडिया कॉफी हाउस निघाले. देशी कॉफीचा खप वाढावा हा त्यामागील हेतू. पुढे कॉफी मंडळाने ही गृहे बंद करण्याचे ठरविले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि 1957 पासून ती स्वतः चालविली. एका पेल्यावर तास-तास बसणारे विद्यार्थी, लेखक, कार्यकर्ते तेथून कोणी उठविले नाहीत.

म्हणून परदेशी निघालेल्या तरुणास एवढेच सांगावे. घरी कॉफी कर. जाडसर पूड, चार मिनिटे, दूध निराळे. एवढ्याने पैसा वाचेल आणि चवही साधेल. परंतु महिन्यातून एखादे वेळी बाहेरच्या खुर्चीचे दामही मोज, आणि तेथे अनोळखी मनुष्याशेजारी बस. नुसत्या खोलीत राहून परदेश कळत नाही. आणि सुटीत बिरवाडीस परत आलास, सहाणेवर जायफळ उगाळून आईने कॉफी केली, म्हणजे ती कोणाकोणास दिली जाते, आणि कोणासाठी फडताळातून निराळा पेला काढला जातो काय, हेही एकवार पाहा. ज्यास दूरदेशी अनोळखी हातांनी बिनदिक्कत पेला मिळाला, त्याच्या दारी तरी कोणास निराळा पेला मिळू नये.