दाताच्या खुर्चीत बसलेली बाई



दाताच्या दवाखान्यात कसलं आलंय गुपित, असं आपल्याला वाटतं. पण तिथला केसपेपर आठवा. दिवस गेलेत का, मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत का, एच.आय.व्ही. आहे का? हे विचारायलाच हवं. भूल, औषधं, एक्स-रे त्यावर ठरतात. प्रश्न आहे तो कुणादेखत विचारतात याचा. बाकावर सासू आणि शेजारीण बसलेली असताना बाई खरं कसं सांगेल? दात तुटून आलेली बाई ‘मोरीत पडले’ म्हणते, कारण कधी कधी मारणाराच शेजारी उभा असतो.

नवरा बिल भरतो म्हणून तिची माहिती त्याची होत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं. त्याच वर्षीचा एच.आय.व्ही. कायदा २०१८पासून लागू आहे. काही ठरावीक अपवाद सोडले, तर संमतीवाचून ही लागण कुणाला सांगता येत नाही.

म्हणून आपण मागायचं ते असं : आधी बाईशी एकटीशी बोला. केसपेपर कुलुपात ठेवा, संगणकाला पासवर्ड लावा. तिचा एक्स-रे, तोंडाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याआधी तिला विचारा. फोन कोणत्या नंबरावर करायचा, हेही तिलाच विचारा.

आणि आपण? सोबत गेलेल्या मैत्रिणीनं वेळेवर बाहेर थांबायचं, नवऱ्यालाही थांबवायचं. एवढं तर आजपासून जमेल!