धर्मशाळेची किल्ली



शाळेच्या पटांगणातून दिसणारी गावची धर्मशाळा तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. तिच्या ओसरीवर आपण डबे खाल्ले, दगडी खांबांच्या आड लपाछपी खेळलो. नातेपुत्याहून माळशिरसला जाणाऱ्या वाटेवरचं आपलं गाव. आषाढीच्या वारीत माउलींच्या पालखीबरोबर चालणारे कितीतरी वारकरी तिथे पाठ टेकायचे.

आठवीत बाईंनी निबंध दिला होता, 'आमच्या गावची धर्मशाळा'. मी अभिमानाने लिहिलं, की धर्मशाळेची किल्ली तीन पिढ्या आमच्या घरात होती. आजी पहाटे उठून चूल पेटवायची, भाकऱ्यांची चवड रचायची. पणजोबा वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायचे. शेवटचं वाक्य होतं, 'हे दार कधी कोणाला बंद नव्हतं.' बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला.

मधल्या सुट्टीत आपल्याच वर्गातला एक मित्र माझ्याकडे आला. आज तो इथे बसला आहे, त्याला विचारूनच सांगते. तो म्हणाला, "माझ्या आईचे आजोबा फलटणकडून वारीला यायचे. ते बाहेर लिंबाखाली झोपायचे. पाऊस असला तरी."

मला राग आला. संध्याकाळी आजीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाकरी द्यायचो गं त्यांना. बाहेर नेऊन."

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की ही आपल्या एकट्या गावाची गोष्ट नव्हती. खुद्द पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना मुक्कामाला जागा मिळत नसे, म्हणून गाडगेबाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली त्यांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. विठ्ठलाचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं, म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

आता आपल्या बॅचने धर्मशाळेची दुरुस्ती हाती घेतली आहे. दारावर लावायच्या फलकाचा मजकूर तुम्ही मला लिहायला सांगितलात. माझं काम सॉफ्टवेअरचं. तिथे चूक सापडली, की आधी ती नोंदवावी लागते, मगच दुरुस्ती. म्हणून माझी एक विनंती आहे. आमच्या घरच्या किल्लीला फलकावर जेवढी जागा मिळेल, तेवढीच त्या लिंबालाही मिळावी. मजकूर मी आणि तो मित्र मिळून लिहू. त्याने होकार दिला आहे. सुरुवात तो करणार आहे.

आजीच्या भाकऱ्या खऱ्या होत्या, पणजोबांची सेवाही खरी होती. पण बाई, माझ्या निबंधातलं शेवटचं वाक्य चुकलं होतं. आज तुमच्यासमोर ते खोडते.