पाहणे हे मेंदूला शिकावे लागते



आपण सहज म्हणतो, "डोळ्यांनी पाहिलं." पण डोळा फक्त उजेड टिपतो. डोळ्याच्या पडद्यावरील तीन प्रकारच्या शंकुपेशींवरून मेंदू रंग ठरवतो. हा आंबा, ही आई, हेही तोच ठरवतो. आणि ते त्याला शिकावे लागते.

अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'ने आपल्या देशातील जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांना उशिरा का होईना, दृष्टी मिळवून दिली. या प्रकल्पातल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पट्टी सुटली, पण हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखता येईना! ज्यांना पुढे पुन्हा तपासले, त्यांना मात्र ते जमू लागले होते.

२०२४ चा अभ्यास तर आणखी नवल सांगतो. अशी मुले रंगीत चित्र ओळखत, तेच कृष्णधवल केले की अडखळत. तान्ह्या बाळाच्या रंगपेशी कच्च्या असतात, म्हणून त्याचा मेंदू आधी उजेड-अंधारावर शिकतो, असे संशोधक मानतात. या मुलांना ती पायरीच मिळाली नाही.

म्हणून आम्ही मातांना सांगतो, बाळाची बाहुली पांढरी दिसली, तर दृष्ट काढत बसू नका. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा. मोतीबिंदू नसून गाठही असू शकते. आणि घरात असं दहा वर्षांचं लेकरू असलं, तर "आता काय उपयोग" म्हणू नका. त्यालाही न्या.