तोंड आलं तरी लाईट चुकवू नका
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील बोलणे)

बचत, परतफेड, हजेरी झाली. आता दहा मिनिटं मला द्या.

गेल्या महिन्यात एका गटात कर्जाचा अर्ज आला. गटातल्या एका वहिनींचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, मुंबईत लाईट चालू होती, तिसरा आठवडा. त्यांची जाऊही आपल्याच गटात आहे, तिने अर्ज आणला. कारण काय, तर मेलाटोनिन नावाच्या गोळ्या मागवायच्या. पोराने मोबाईलवर बघितलं की याने लाईटमुळे आलेलं तोंड बरं होतं. आणि हळूच म्हणाली, "नायतर ती गावी येते म्हणते. पाणीसुद्धा गिळवत नाय."

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली आहे. म्हणून दोन दिवस मागून घेतले आणि माहिती काढली.

लाईट म्हणजे रेडिएशन. ते कॅन्सरच्या पेशी मारतं, पण तोंडाच्या आतली नाजूक कातडीही सोलवटते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड लाल होतं, फोड येतात, आग होते. केमो चालू असेल तर जास्तच. म्हणजे कॅन्सर वाढला असं नाही. लाईट संपल्यावर काही आठवड्यांत ते भरून येतं. पण त्रासाला कंटाळून मध्येच लाईट सोडली, तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना पुन्हा वाढायला वेळ मिळतो. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटली.

आता मेलाटोनिन. पोराने बघितलं ते अगदीच खोटं नव्हतं. रात्री अंधार पडला की आपल्या मेंदूतली एक छोटी ग्रंथी हे द्रव्य तयार करते, त्याने झोप लागते. सूज आणि पेशींची नासाडी कमी करायचा गुणही त्यात आहे. थायलंडमध्ये रुग्णांना त्याच्या गुळण्या आणि रात्री कॅप्सूल दिल्या, 2017 साली ते छापून आलं. फोड उशिरा आले, दुखण्याचं औषध कमी लागलं. पण रुग्ण होते फक्त 39. स्पेनमध्ये 84 जणांवर तोंडात खळखळवायच्या जेलची चाचणी झाली, 2021 मध्ये निकाल आला. मोठे फोड थोडे कमी दिसले, पण औषधानेच कमी झाले असं खात्रीने म्हणण्याइतका फरक नव्हता. म्हणजे आशा आहे, पक्कं नाही. शिवाय तिथे औषध मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलं होतं. मोबाईलवरून मागवलेली झोपेची गोळी म्हणजे ते नव्हे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर धोकाही होऊ शकतो. घ्यायचंच असेल तर आधी लाईटच्या डॉक्टरांना विचारा. विचारायला लाजू नका हो, आपण तिथेच गप्प बसतो!

रोज करायचं ते स्वस्तातलं आहे. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा खायचा सोडा. दिवसातून पाच-सहा वेळा गुळणी करून थुंकायची, पाणी रोज ताजं करायचं. ब्रश एकदम मऊ. तिखट, आंबट, कढत बंद, म्हणजे आपली सोलकढीसुद्धा. पेज, खिमट, गार केलेली नाचणीची खीर चालते. जेवणाआधी तोंड बधिर करायचं किंवा दुखणं कमी करायचं औषध डॉक्टरांकडे असतं, ते मागून घ्यायचं. पांढरा थर आला, पाणीही जाईना, किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. केमोवाल्या बाईने तापात घरी थांबायचं नाही.

आणि मशेरी. ऑपरेशननंतरही बोटावर मशेरी घेणाऱ्या बाया मी पाहिल्यात. रागावून सुटत नाही, मला माहीत आहे, माझी आजीही लावायची. पण लाईट चालू असताना तरी डबी घरात ठेवूच नका.

तर त्या अर्जाचं काय झालं? गटाने गोळ्यांना पैसे दिले नाहीत. तेवढेच पैसे जावेला मुंबईला सोबतीला जायला दिले. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत असते, तो फॉर्म हॉस्पिटलातल्या समाजसेविकेने भरून दिला. अशी समाजसेविका मोठ्या हॉस्पिटलात असते, तिला शोधायचंच. महात्मा फुले योजनेचे कागदही तीच सांगते. जाऊ जाताना छोटा मिक्सर घेऊन गेली, पेज बारीक करायला. वहिनींचं वजन कमी झालं, दोन रात्री रडून काढल्या, पण लाईट एकही चुकली नाही. परवा शेवटची झाली.

डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सर विभाग आहे, सगळ्यांनाच मुंबई गाठावी लागेल असं नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तोंड कमी उघडत असेल, तर सभा संपल्यावर माझ्याकडे या. चारचौघींत सांगायची गरज नाही. मी पाच वाजेपर्यंत इथेच आहे.